पायाखालची जमीन
(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मराठीच्या अध्यापकाला शताब्दीच्या व्याख्यानमालेत बोलाविले म्हणजे तो संतवाङ्मयावर बोलेल, फार तर निजामी राजवटीतील मराठी शिक्षणावर बोलेल, अशी आपली अपेक्षा असणार आणि ती गैर नाही. मी जमीन खचण्याविषयी बोलू इच्छितो असे कळविले तेव्हा चिटणीसांनी दूरध्वनीवर मला दोनदा विचारून घेतले, 'सर, जमीन म्हणजे साहित्याचीच ना?' नव्हे. ज्या जमिनीवर आपण खुर्च्या मांडून बसलो आहोत तीच ही जमीन. भूगर्भशास्त्र हा माझा विषय नाही. जे वाचले, जाणत्यांना विचारून घेतले आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले तेवढेच मी सांगणार आहे. शेवटी एका आडाची हकीकत सांगावयाची आहे. तीत दोष माझा आहे, आणि खरे म्हणजे तेवढ्यासाठीच मी हा विषय घेतला.

२३ डिसेंबर २०२२, शुक्रवार. गोषामहाल भागातील चाकनवाडीत आठवड्याचा बाजार भरला होता. भाज्यांच्या गाड्या लागलेल्या, गिऱ्हाइकांची गर्दी, कडेला मोटारी आणि दुचाक्या उभ्या. आणि भर दुपारी तो रस्ताच्या रस्ता खाली बसला. माणसे, गाड्या, भाजीचे ढीग सगळे खालच्या नाल्यात गेले. काही जण जखमी झाले. त्या बाजारातल्या अनेकांना आपण नाल्याच्या डोक्यावर उभे आहोत याची जाणीवही नसावी, कारण त्यावर छत घातलेले होते, छतावर रस्ता होता आणि रस्त्यावर बाजार होता. 'गोषा' हा शब्द आपल्या मराठीतही आहे. गोषा म्हणजे पडदा. कुतुबशाहीच्या अखेरच्या काळात अबुल हसन तानाशाहाने बांधलेल्या महालावरून त्या भागाला हे नाव मिळाले. तो पडदा राजस्त्रियांसाठी होता. नाल्यालाही तो लाभला, एवढाच शब्दार्थ मी येथे सांगतो.

दुसऱ्या दिवशी महाविद्यालय सुटल्यावर मी तेथे गेलो. कठड्यापाशी बघ्यांची गर्दी होती. एक वृद्ध गृहस्थ मला म्हणाले, 'जमीन गिळायला लागली, साहेब.' पण जमीन गिळत नाही. जिथे रिकामी जागा असते तिथे वरचे खाली जाते. आणि हैदराबादेत रिकामी जागा निसर्गाने केलेली नसते, ती आपण केलेली असते. हे विधान थोडे स्पष्ट केले पाहिजे.

आपले शहर ज्या खडकावर उभे आहे तो ग्रॅनाइट सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा आहे. जगातल्या जुन्यात जुन्या खडकांत त्याची गणना होते. बंजारा हिल्सचे, गोवळकोंड्याचे, मौलाअलीचे ते एकावर एक रचल्यासारखे धोंडे आपण पाहतो. हा खडक पाण्यात विरघळत नाही. ज्या प्रदेशात चुनखडीचा खडक असतो, तेथे मात्र गोष्ट निराळी. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कर्बवायू घेऊन किंचित आम्ल होते, चुनखडीला हळूहळू विरघळविते आणि हजारो वर्षांत आत गुहा कोरते. कर्नूलकडची बेलमची गुहा आपल्यापैकी अनेकांनी सहलीत पाहिली असेल. तिची मोजलेली लांबी ३,२२९ मीटर आहे. अशा पोकळीचे छत पातळ झाले की एके दिवशी शेतात गोल विवर पडते. कडप्पा जिल्ह्यातील चिंतकोम्मदिन्ने मंडलात २०१५ च्या मोठ्या पावसानंतर अशी विवरे पडली आणि गावकऱ्यांची झोप उडाली. तेथेही निसर्ग एकटा नव्हता. जमिनीतल्या पोकळीत पाणी भरलेले असते तोवर ते छताला आधार देते. बोअरविहिरींनी ते पाणी खाली गेले की आधार सुटतो, आणि मग जोराचा पाऊस येऊन माती जड झाली की छत बसते. दुष्काळ आणि अतिवृष्टी एकामागोमाग आल्या की धोका अधिक, तो यामुळे.

हैदराबादेत चुनखडी नाही. येथे ग्रॅनाइटच्या वर झिजलेल्या खडकाचा मुरूम असतो आणि मुरमावर आपला भराव. हा भरावच खचतो. सांडपाण्याच्या नळाचा एखादा सांधा निखळतो. पाणी वाहू लागले की ते भोवतीची बारीक माती कणाकणाने नळात ओढून नेते. वर डांबर किंवा काँक्रीट असते. ते लगेच मोडत नाही, पुलासारखे तोलून राहते. पोकळी खाली हांडीएवढी, मग खोलीएवढी होते, आणि वरून बस जात असते. जी शेवटची बस किंवा शेवटचा पाऊस तो पूल मोडतो, त्याच्यावर आपण दोष ठेवतो. वर्तमानपत्रात 'अचानक रस्ता खचला' असे छापून येते. 'अचानक' हा शब्द रस्त्यावरच्या माणसापुरता खरा आहे. नळाच्या बाजूने पाहिले तर ते काम कैक वर्षे चाललेले असते. (विद्यार्थ्यांच्या निबंधातून मी हा शब्द तीस वर्षे खोडत आलो आहे, त्यासाठी इतके सबळ कारण मला पूर्वी मिळाले नव्हते.)

आता भराव कशावर घातला, हा प्रश्न. त्याचे उत्तर शहराच्या नावांतच आहे, आणि येथे मला माझ्या विषयाचा थोडा आधार मिळतो. मराठीत पाण्याच्या जागेला किती शब्द आहेत पाहा. रुंद ती विहीर. घराच्या चौकातला अरुंद तो आड. पायऱ्यांची ती बारव. जुन्या मराठीत आणि अजून खेड्यापाड्यांत बाव. दख्खनीत तीच बावली. पुतळीबावली, दूधबावली, इंजनबावली, आणि आज जेथे काचेचे मनोरे उभे आहेत ती गच्चीबावली. तेलुगूत लहान तळे म्हणजे कुंटा. नल्लाकुंटा म्हणजे काळे तळे. तलाबकट्टा म्हणजे तळ्याचा बांध. मासाब टँक हे नाव कुतुबशाही घराण्यातील हयातबक्षी बेगम यांच्यावरून, 'माँसाहेबा'च्या तलावावरून आले. टँक कोठे आहे असे तेथील रिक्षावाल्याला विचारून पाहा. बतकम्मा कुंटा तर अंबरपेठेत नावापुरता उरला होता. २०२५ मध्ये 'हायड्रा' या सरकारी यंत्रणेने तेथला भराव उपसावयास घेतला, आणि काही फूट खाली जाताच पाणी वर आले. पाणी गेलेले नव्हते, आपण त्याच्याकडे पाठ केली होती.

या तळ्यांचा आणि शहराच्या सुरक्षिततेचा संबंध आपल्या पूर्वजांनी मोठी किंमत देऊन पाहिला आहे. २८ सप्टेंबर १९०८ चा मुसीचा पूर. माझ्या आजीच्या सासरी त्या पुराच्या आधीचे व पुराच्या नंतरचे अशी कालगणना होती. वरच्या अंगाची दोनशेहून अधिक लहानमोठी तळी एकापाठोपाठ फुटली आणि त्यांचे पाणी नदीच्या पाण्यात मिळाले. त्यानंतर विश्वेश्वरय्या आले, १९२० साली उस्मानसागर आणि १९२७ साली हिमायतसागर झाले; शहराच्या भुयारी गटारांची आखणीही त्यांचीच. पुरानंतरच्याच दशकात लिओनार्ड मन या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली शहराची मोजणी झाली आणि मोठ्या प्रमाणावरचे नकाशे तयार झाले. त्या नकाशांत गल्ली आहे, नाला आहे, घराचा चौक आहे, कित्येक ठिकाणी चौकातला आडही आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनाला जे ठाऊक होते ते आज त्या चौकावर राहणाऱ्याला ठाऊक नाही, ही मला या विषयातली सर्वांत चमत्कारिक गोष्ट वाटते.

हे हैदराबादचेच वैगुण्य आहे असे नव्हे. १३ जून २०२१ रोजी मुंबईत घाटकोपरला एका इमारतीच्या आवारात उभी असलेली मोटार नाकाडापासून हळूहळू खाली गेली आणि पाण्यात दिसेनाशी झाली. ती चित्रफीत आपण पाहिली असेल. हसूही आले असेल. त्या जागी विहीर होती. तिच्या काही भागावर काँक्रीटची लादी टाकून रहिवासी वर्षानुवर्षे तिच्यावर गाड्या उभ्या करीत. मग २० सप्टेंबर २०२४ ला पुण्यात, बुधवार पेठेतल्या सिटी पोस्टाच्या आवारात महापालिकेचा आख्खा ट्रक फरसबंदीतून खाली गेला. चालक वेळेवर बाहेर पडला म्हणून वाचला. तेथेही जुनी, झाकलेली विहीर असावी असे नंतर सांगण्यात आले. पेशव्यांच्या शहरात, लक्ष्मी रस्त्याच्या हाकेच्या अंतरावर, जेथे प्रत्येक दगडाचा इतिहास सांगणारे दोन तरी विद्वान भेटतात, तेथे पायाखालच्या विहिरीची आठवण ट्रकला करून द्यावी लागली.

आतापर्यंत पाण्याच्या वाटा झाल्या. कोळशाच्या वाटा याहून खोल असतात, आणि त्यांचे एक उदाहरण आपल्या सीमेलगतच घडले आहे. वर्धा नदीच्या खोऱ्यातला चंद्रपूरचा कोळसा आणि आपल्या तेलंगणातला सिंगरेणीचा कोळसा एकाच मोठ्या पट्ट्यातला आहे. नदीपलीकडचा राजुरा तालुका तर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता. त्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसला, अमराई वॉर्डात, २६ ऑगस्ट २०२२ च्या सायंकाळी एक राहते घर जमिनीत गेले. भिंत पडली नाही, छप्पर उडाले नाही. घर उभेच्या उभे खाली उतरले आणि जागेवर विवर राहिले. खोलीचे आकडे वर्तमानपत्रांत निरनिराळे आले, साठ फुटांपासून शंभर फुटांपर्यंत. गणेशचतुर्थीला पाच दिवस उरले होते. घरातली माणसे हादरा जाणवताच बाहेर धावली म्हणून हकीकत सांगण्यास राहिली. आसपासच्या शंभरावर कुटुंबांना मग घरे सोडावी लागली.

त्या वस्तीखाली जुनी, बंद झालेली भूमिगत खाण होती. अशा खाणीत कोळसा काढताना मधूनमधून कोळशाचेच चौकोनी खांब राखून ठेवतात. खांबांमधल्या गल्ल्यांतून माल निघतो आणि खांब वरचे ओझे पेलतात. काम संपले की त्या गल्ल्यांत पाण्याबरोबर वाळू भरावी, ही जाणकारांची रीत. वाळू भरली नाही, किंवा जाताजाता खांबही पोखरले, तर छत कधी बसेल हे फक्त काळ ठरवितो. खांबाचे पोपडे सुटतात, पाणी शिरते, उपसा बंद झाल्यावर पातळी वरखाली होते. मधल्या काळात खाणीचे नाव, तिचे तोंड, तिथले मुकादम सर्व नाहीसे होते. वर वस्ती होते, आमराई जाऊन वॉर्ड होतो. खाणीचे नकाशे खाणवाल्यांच्या दप्तरात असतात आणि घराचा नकाशा नगरपालिकेच्या. हे दोन कागद एका टेबलावर आणण्याचे काम कोणाचे, हे मला पुष्कळ विचारूनही नीट कळले नाही.

खचण्यापूर्वी जमीन काहीच बोलत नाही, असेही नाही. फरशीवर एकाच ठिकाणी पाणी साचू लागते. भेगा सरळ न जाता गोलाकार जातात. काल लागत असलेले दार आज चौकटीत अडते. विजेचा खांब किंवा कुंपण कलते, नळाला किंवा विहिरीला एकाएकी गढूळ पाणी येते, जमिनीवर काठी आपटली तर बद्द न वाजता ढोलासारखा आवाज येतो. यांतले काही दिसले तर तेथून माणसे आणि वाहने आधी हलवावीत, चौकशी मागाहून करावी. आपण नेमके उलटे करतो. भेगेत सिमेंट भरतो.

आता 'बुजविणे' या शब्दाकडे येतो. मराठीत खड्डा बुजतो तशी जखमही बुजते. आमच्या लहानपणी गल्लीतले वैद्य जखमेत औषधाची वात भरून ठेवीत, वरून कातडी धरू देत नसत; जखम तळापासून भरत आली पाहिजे, नाहीतर आत पू राहतो, असे ते म्हणत. आड बुजविण्याचे शास्त्र अगदी हेच आहे. आधी गाळ आणि कचरा काढावा, तळाशी मोठे दगड, त्यावर लहान दगड, मग खडी, मग वाळू, आणि सर्वांत वर चिकणमातीचा चोपलेला थर. दगडांच्या फटींतून माती खाली जाऊ नये म्हणून हा क्रम. आपण काय करतो? घर पाडल्याचा राडारोडा, झाडाच्या फांद्या, केरकचरा आत लोटतो आणि वर लादी टाकतो. लाकूड कुजते, केर कुजतो, भराव बसतो, आणि लादीखाली पोकळी तयार होते.

मी 'आपण' म्हणालो तो विनयाने नव्हे. ती हकीकत आता सांगतो.

गौलीगुड्याच्या एका गल्लीत आमचा वाडा होता. चौकात तुळशीवृंदावन, त्याच्यापलीकडे पारिजातक आणि कोपऱ्यात आड. वरचे दहा-बारा हात दगडी बांधकाम, खाली खडकात कोरलेला. रहाटाचा आवाज हीच आमची सकाळची घंटा होती. गणपतीचे विसर्जन त्यातच होई. अण्णा, म्हणजे माझे वडील, मूर्तीला तीन वेळा बुडवून सोडीत. पुढे घरोघर नळ आले, शेजारी बोअर झाले, आड आटला. १९८९ साली स्वयंपाकघर नव्याने बांधले तेव्हा जुन्या भिंतींची माती, वासे, कौले त्यात गेली. वाळवी लागलेल्या पोथ्या आणि जुने दप्तरही अण्णांनी त्यातच सोडले. जीर्ण पोथी जाळू नये, पाण्यात सोडावी, असा त्यांचा नेम; पाणी नव्हते, जागा तीच होती. या वास्तूत बसून हे ऐकताना ग्रंथपालांच्या चेहऱ्यावर काय उमटले ते मी पाहिले. वर शहाबादी फरशी टाकली, आणि पुढची पंधरा वर्षे आमच्या घरातली मुले त्या फरशीवर लंगडी खेळली.

२००४ साली वाडा विकला. अण्णा नव्हते, सही माझी होती. घेणाऱ्याने वास्तुशास्त्र पाहणारा मनुष्य बरोबर आणला होता. आमच्या नात्यातले एक वडीलधारे गृहस्थ मला बाजूला घेऊन म्हणाले, 'विहिरीचा विषय काढू नकोस. ती नको त्या दिशेला आहे, भाव पाडतील.' मी विषय काढला नाही. कोणी विचारलेही नाही. त्यांनी विचारले नाही म्हणून मी खोटे बोललो नाही, अशी समजूत मी अठरा वर्षे जवळ बाळगली.

चाकनवाडीच्या कठड्यापाशी उभा असताना ती समजूत संपली. तेथून आमची गल्ली दूर नाही. मी तसाच चालत गेलो. वाड्याच्या जागी चार मजली इमारत आहे, खाली खांबांवर मोकळी जागा, तेथे गाड्या. पहारेकऱ्याला कोपरा विचारला तेव्हा तो आपण होऊनच म्हणाला, 'वहाँ हर बारिश में पानी ठहरता साब, दो बार सिमेंट भरे.' मी काठी आपटून पाहिली नाही. हिंमत झाली नाही. सोसायटीचे सेक्रेटरी सज्जन होते. त्यांनी चहा दिला, सर्व ऐकून घेतले आणि विचारले, 'सर, कुछ कागज है क्या?'

कागद नव्हता. तो बहुधा आडातच होता.

त्या रात्री थोरल्या बहिणीला, अक्काला, औरंगाबादला दूरध्वनी केला. ती रागावेल असे वाटले होते. ती म्हणाली, 'वृंदावनापासून सात पावले. परकर नेसून मोजलेली, तेव्हा पाच धर.' पुढच्या आठवड्यात ती स्वतः आली. ना वृंदावन, ना पारिजातक. रस्त्याच्या बाजूची एक जुनी दगडी पायरी तेवढी शिल्लक होती. तिच्यापासून मोजून आम्ही दोघांनी एका कागदावर वाड्याची आकृती काढली. आडाच्या जागेवरून आमचे जमेना. तिने एक फुली मारली, मी दुसरी.

सोसायटीत बैठका झाल्या. खर्च कोणी करावयाचा यावर वाद झाले, ते साहजिक होते. काही खर्च मी दिला. यात औदार्य नाही, तो उशिरा फेडलेला पैसा होता. तोवर त्या कोपऱ्यातल्या दोन गाड्या बाहेर रस्त्यावर उभ्या राहत आणि त्यांचे मालक माझ्याकडे पाहून नमस्कार करीत नसत. उन्हाळ्यात, इंजिनिअरच्या देखरेखीखाली, फरशी उकलली. सिमेंटच्या दोन थरांखाली आमची शहाबादी, आणि शहाबादीखाली दीड हात मोकळी हवा. मग भराव. त्यातला कुजका भाग काढून, दगड, खडी, वाळू, माती असे तळापासून भरून घेतले आणि वर लोखंडी झाकण ठेवून त्याभोवती पिवळा पट्टा ओढला. पोथ्यांचे काहीच सापडले नाही.

आम्ही काढलेली आकृती मी या संग्रहालयाच्या दप्तरात दिली आहे. ज्यांच्याकडे जुन्या वाड्यांचे नकाशे, खरेदीखते, किंवा नुसती आजोबांच्या हातची टिपणे असतील, त्यांनी ती येथे आणून द्यावीत. कागद नसेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून आकृती काढावी. आमच्या कागदावर दोन फुल्या आहेत. माझी खोडलेली आहे. ती तीन हातांनी चुकली. अक्काची बरोबर निघाली, आणि हे ती प्रत्येक दूरध्वनीत मला सांगते.